पडणाऱ्याच्या नावाचा मोड

आमच्या नव्या गावात पहिली काही वर्षं कशालाच नाव नव्हतं. जुनं गाव भूकंपात गेलं आणि किल्लारीच्या बाजूला माळावर आम्हाला नवं गाव बांधून मिळालं. घरं एकसारखी, रांगा एकसारख्या, आणि रस्ते एवढे रुंद, की समोरच्या बाईकडं चिमूटभर मीठ मागायचं तरी ओरडावं लागे. जुन्या गावात ‘वेशीजवळ’, ‘चिंचेखाली’, ‘तेल्याच्या बोळात’ एवढं सांगितलं की माणूस डोळे मिटून पोचायचा. इथं पाहुण्याला सांगायचं काय? माझी मावशी एकदा भलत्याच घरात शिरली, पाय धुतले, चहा प्याली, आणि बशी खाली ठेवल्यावर तिला कळलं की हे बहिणीचं घर नव्हे. त्या घरच्या बाईनंही मुकाट्यानं चहा केला होता. तिला वाटलं, आपलंच कुणीतरी लांबचं असेल.

या गावाभोवती एक रस्ता होता. इंजिनिअरनं पट्टीनं चार रेघा मारल्या आणि त्या कोपऱ्यांत जोडून दिल्या, असा तो रस्ता. समाजमंदिरापासून निघालं की पहिला कोपरा पाण्याच्या टाकीजवळ, दुसरा शाळेजवळ. तिथून उतार लागे तो थेट ओढ्यापर्यंत, आणि तिसरा कोपरा त्या खोलगट जागेत, सिमेंटच्या मोरीपाशी, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलापाशी. मग छाती फोडणारा चढ, वर कारखान्याकडं जाणारा रस्ता येऊन मिळे तो चौथा कोपरा, आणि तिथून पुन्हा सरळ समाजमंदिर. चारही बाजूंचं डांबर वेगवेगळ्या ठेकेदारांनी टाकलं होतं. प्रत्येकानं आपापली बाजू केली आणि कोपरा दुसऱ्याचा म्हणून सोडून दिला. त्यामुळं सरळ रस्ता गुळगुळीत आणि नेमका वळायच्या जागी सुटा मुरूम. सायकल शिकावी तर तिथं, आणि गुडघे फोडून घ्यावेत तेही तिथंच.

या रस्त्यावर शर्यत सुरू झाली ती दसऱ्यामुळं. जुन्या गावात दसऱ्याला सगळे वाजतगाजत शिवेपर्यंत जायचे, शीव ओलांडायचे आणि आपट्याची पानं घेऊन परतायचे. नव्या गावात पहिल्या दसऱ्याला मंडळी फेटे बांधून, घटातलं धन, म्हणजे उगवलेले कोंब, टोपीत खोचून बाहेर पडली आणि समाजमंदिरासमोर थबकली. ओलांडायची तर शीव कुठं होती? कुणी म्हणे टाकी, कुणी म्हणे ओढा. जमिनी जुन्याच, पण गाव उठून भलतीकडं आलेलं. तेव्हा गावातले सगळ्यात वयस्कर गणपतअण्णा म्हणाले, “भांडू नगा. खंडेनवमीला सायकली धुऊन पुजल्यात न्हवं? पोरान्ला सायकलीवर गावाला वेढा घालू द्या. जिथनं पोरं फिरतील ती शीव.” पोरांना एवढंच पाहिजे होतं. झेंडूच्या माळांसकट सायकली सुटल्या, आणि सुटल्यावर कोण हळू चालवतो? पुढच्या वर्षी एका वेढ्याचे तीन झाले आणि रीतही ठरली. जो पहिला येईल त्याला समाजमंदिरासमोर बायांनी ओवाळायचं आणि त्यानं घरोघरी जाऊन पहिलं सोनं द्यायचं. त्याचं पान हातात पडल्याशिवाय गावात कुणी कुणाला सोनं द्यायचं नाही.

आणि नावं? ती कुणी ठरवली नाहीत. पहिल्या वर्षी टाकीजवळच्या मुरमात दिगंबर असा आपटला, की त्याची सायकल एकीकडं आणि तो दुसऱ्याच्या अंगणात. दुसऱ्या दिवशीपासून तो ‘दिगंबर मोड’ झाला. पुढं हौसेनं धोतर खोचून शर्यतीत उतरलेले गुरुजी शाळेच्याच कोपऱ्यावर पडले, तो ‘गुरुजी मोड’. “कुठं राहता?” “गुरुजी मोडाच्या तिसऱ्या घरात.” गावाला आपोआप पत्ते मिळत गेले. पहिल्या वर्षी जिंकलं कोण? मला आठवत नाही, आणि ज्याला आठवायला हवं तो आता पुण्याला असतो.

मला मात्र जिंकायचं होतं. खरं सांगायचं तर मला युसूफला हरवायचं होतं.

युसूफ मणेरांचा. त्यांच्या कितीतरी पिढ्या आमच्या गावच्या बायांना बांगड्या भरत आल्या. सायकलीच्या कॅरिअरवर बांगड्यांच्या पेट्या बांधून तो सकाळपासून आसपासची खेडी फिरायचा. मी कॉलेजला जीपनं जाई आणि हा दिवसभर पायडल मारी. मग त्याच्या पोटऱ्या माझ्यापेक्षा दणकट असणार, यात नवल ते काय? पण मला राग पोटऱ्यांचा नव्हता, जिभेचा होता. काय ती जीभ! “काकू, हात सैल सोडा. मागच्या बारीपेक्षा वाळलाव जरा. हिरवाच रंग घ्या, तुमच्या हातावर हिरवा बसतोय तसा साऱ्या गावात बसत न्हाई.” बोलता बोलता बांगडी कोपराकडं सरकलेली असे, आणि बाईला कळलेलंही नसे. आमच्या माळावर बायकांशी कुणी असं बोलत नसे. आम्हा पोरांना तर त्या फक्त दळण आणायला आणि शेळी सोडायला सांगत.

माझी माय त्याच्यावर जीव टाकायची. नव्या घरात भांडं पडलं तरी भिंतीतून केवढा तरी आवाज उठे. त्यासरशी आप्पा, म्हणजे माझे वडील, हातातलं टाकून अंगणात धावत. छताखाली झोपायला ते कैक वर्षं तयार नव्हते. अंगणात चार बाजा, त्यावर आम्ही, आणि पहाटे सगळ्यात आधी मायच्या बांगड्यांचा आवाज. घरातली सगळीच माणसं जपून बोलत, हळू चालत. त्या घरात मोठ्यानं हसू यायचं ते युसूफ पेट्या उतरवी तेव्हाच. त्याला माय सुशीला करून घालायची. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची चरचरीत फोडणी, वरून शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. त्या फोडणीचा वास शेजारच्या रांगेपर्यंत जाई. मला तोच पदार्थ पाहिजे असला तर ऐकायला मिळे, “कालची भाकर हाय की. दह्यात कुस्करून खा.” मग मी दह्यात कुस्करून खाई आणि युसूफच्या ताटलीकडं बघत बसे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी तर त्या घरात पिकलेला, मला कोण विचारतं? आता माझी बायको नांदेडला सुशीला करते, चांगली करते. पण पहिला घास घेतला की मला अजून तो दुसऱ्याच्या ताटलीतला वाटतो.

युसूफ ओळीनं दोन दसरे जिंकला. दोन्ही वर्षी मी दुसरा. दोन्ही वर्षी समाजमंदिरासमोरच्या बायांच्या रांगेत सगळ्यात पुढं ताट धरून माझी माय. तिनं त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी धापा टाकत मागं उभा. मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तू बी आलास का? बरं झालं. घरला जाऊन कढईखालचा जाळ बघ, पुरण लागंल.” अंगाचा तिळपापड झाला. मी घरी गेलो आणि पुरण बघितलं. ते लागलं नव्हतं, पण मला वाटत होतं लागावं.

तिसऱ्या वर्षी मी पावसाळाभर तयारी केली. मडगार्ड काढले, घंटी काढली, कॅरिअर काढलं. ओढ्याचा चढ रोज सकाळी चढलो. मी भित्रा चालवणारा होतो हे कबूल. कोपरा आला की माझा हात आपोआप ब्रेकवर जाई. युसूफ कोपऱ्यावर ब्रेक लावत नसे. एक पाय मुरमात घासत तो अख्खी सायकल फिरवून घेई आणि धूळ माझ्या तोंडात. सरळ रस्त्यावर मी जे कमावी ते चार कोपऱ्यांवर गमावी. तरी त्या वर्षी तिसऱ्या फेरीला आम्ही दोघंच पुढं उरलो. ओढ्याचा चढ मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चढलो. वर कारखान्याच्या रस्त्याच्या तोंडाशी काळी-पिवळी जीप उभी होती, दसऱ्याला गावी आलेली माणसं उतरत होती. युसूफनं तिला चुकवायला वळण रुंद घेतलं, पाय टेकवला, मुरूम सरकला आणि तो गेला. सायकल त्याच्या अंगावर, हात खाली. मी सवयीनं ब्रेक लावून आतल्या बाजूनं वळलो आणि पुढं निघालो. थांबलो नाही. शर्यतीत कोण थांबतं?

समोर सरळ रस्ता, टोकाला समाजमंदिर, आणि सारं गाव माझ्याकडं पळत येत होतं.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक हसतात. मला खरंच वाटलं, ते माझ्यासाठी येतायत. बाया, म्हातारे, हलगीवाला हलगीसकट, सगळे. मी हँडल सोडून एक हात वर केला. पुढची माणसं माझ्या डाव्या-उजव्या बाजूनं निघून गेली. मधली निघून गेली. मग माय दिसली, हातात ओवाळायचं ताट, निरांजन केव्हाच विझलेलं, अक्षता सांडत चाललेल्या. मी “माय!” म्हणून हाक मारली. ती “सरक बाजूला!” म्हणाली आणि माझ्या हँडलाला घासून पळाली. मागं वळून पाहिलं तर सगळं गाव चौथ्या कोपऱ्यावर गोळा झालेलं, आणि माझी माय रस्त्यात फतकल मारून ताटातली हळद युसूफच्या कपाळावरच्या खोकेत दाबत होती.

समाजमंदिरासमोर खुर्चीवर एकटे गणपतअण्णा उरले होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. सायकलीचा आवाज ऐकून त्यांनी मांडीवरचा नारळ उचलला आणि विचारलं, “कोण, युसूफ का?”

“व्यंकट हाय, अण्णा.”

“हाव का? मग युसूफ कुठं राहिला?”

युसूफला जीपमध्ये घालून लातूरला नेलं. मनगट मोडलं होतं. रीत ती रीत, म्हणून तिसऱ्या प्रहरी मी पानांचा भारा खांद्यावर घेऊन घरोघर निघालो. पान द्यावं, पाया पडावं, आणि घरचं माणूस विचारणार, “युसूफ कसा हाय रे?” दुसऱ्या घरी तेच, पाचव्या घरी तेच. एका म्हातारीनं तर माझ्या हातातून दोन पानं घेतली, त्यातलं एक परत माझ्याच हातात ठेवलं आणि म्हणाली, “हे त्या लेकराला दे माझ्याकडनं.” मी गावाला सोनं वाटत होतो की डॉक्टरचा निरोप, हेच मला समजेना. दिवस मावळताना युसूफच्या घरी पोचलो. तो नुकताच लातूरहून आला होता, हाताला पांढरं प्लास्टर, कपाळाला पट्टी, पट्टीच्या कडेला माझ्या मायची हळद. त्याच्या अम्मानं पान घेतलं, डोळ्याला लावलं आणि चहा ठेवायला आत गेली.

“साऱ्या घरी जाऊन आलास?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“समोरच्या दारानं?”

“मग काय भिंतीवरून उडी मारून?”

तो हसला नाही. म्हणाला, “मी वर्षभर त्याच घरी जातो व्यंक्या. पर परसदारानं, पेट्या घेऊन. हे पाहिजे का, ते पाहिजे का. दसऱ्याला तेवढं समोरच्या दारानं जाऊन कायतरी देता येतंय. लई आवडतंय मला ते. औंदा राहिलं.”

कुणाला वाटेल की हे ऐकून माझ्या मनातली अढी गेली असेल. मुळीच गेली नाही. उलट मी चहा पिता पिता विचार करत बसलो की असं वाक्य याला सुचतं कसं, आणि मला का सुचत नाही. जिंकलो मी होतो. मला जिंकण्यात काय आवडलं, असं कुणी विचारलं असतं, तर मला ते सांगता आलं नसतं. कुणी विचारलंही नाही म्हणा.

चौथा कोपरा दुसऱ्या दिवशीच ‘युसूफ मोड’ झाला. दिवाळीपर्यंत जीपवाले त्या नावानं ओरडायला लागले. पुढं एस.टी. तिथं थांबू लागली, तेव्हा कंडक्टरच्या तोंडी तेच. बायांना तर ते नाव घ्यायला निमित्तच पाहिजे होतं. माझी माय शेताला निघाली की सांगायची, “युसूफ मोडापसनं जाते.” वाट दुसरी जवळची होती, तरी.

आता एकच कोपरा बिननावाचा उरला होता, ओढ्याजवळचा. तुम्ही म्हणाल तेच. पुढच्या दसऱ्याला मी पडलो. आपोआप नव्हे. जिंकून काय मिळतं ते मी बघून चुकलो होतो, आणि पडून काय मिळतं तेही. युसूफचं मनगट वाकडंच बसलं होतं, त्याला हँडल घट्ट धरता येत नसे, म्हणून तो शर्यतीत नव्हता. तो शेवटच्या रेषेवर अण्णांच्या शेजारी उभा राहून कोण आलं ते सांगत होता. मी सगळ्यांच्या पुढं होतो, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मोरीजवळ मुरूम पाहिला, ब्रेक न लावता हँडल वळवलं आणि डोळे मिटून पडलो. कोपर सोलवटलं, गुडघा फुटला, पॅन्ट फाटली. मागची पोरं धूळ उडवत गेली. एकानं ओरडून विचारलं, “लागलं का रे?” मी विव्हळलो. आता येतील, म्हणून रस्त्याच्या मधोमध पडून राहिलो.

कुणी आलं नाही. तो कोपरा खोलगट, समाजमंदिरापासून दिसत नाही. पुढं काय झालं ते मला मागाहून कळलं. पोरांनी तिकडं जाऊन सांगितलं, “व्यंकट पडला!” चार माणसं उठली. माझ्या मायनं ताट सावरलं आणि ठणकावून सांगितलं, “आमचा व्यंकट? ह्या! तो पडत नसतोय. लई जपून चालवतंय पोरगं. चेन निसटली असंल, बसा.” माणसं बसली. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि तो नेमका त्याच दिवशी दाखवायची तिला काय गरज होती?

बऱ्याच वेळानं चढावरून एकटा युसूफ चालत आला. माझ्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. मुरमात पाय घासल्याची खूण नव्हती, ब्रेकची रेघ नव्हती. तो कोपऱ्यावर पडलेला माणूस. त्याला काय सांगायचं?

“मुद्दाम पडलास व्हय?”

मी तोंड फिरवलं. तो माझ्याशेजारी मोरीवर बसला. मला वाटलं आता हसेल, गावभर करेल, आणि त्याच्या जिभेवर हे प्रकरण वर्षभर खपेल. त्यानं खिशातून रुमाल काढला, धड असलेल्या हातानं आणि दातांनी माझ्या गुडघ्याला बांधला आणि म्हणाला, “चल ऊठ. व्यंकट मोड म्हणू याला.”

आणि तो खरंच म्हणू लागला. चढ चढून वर आल्याबरोबर सगळ्यांदेखत म्हणाला, “व्यंकट मोडाला लई मुरूम झालाय.” बांगड्या भरताना बायांना सांगायचा, “काल व्यंकट मोडाला साप दिसला काकू.” जीपवाल्याला सांगायचा, “व्यंकट मोडाला उतरव.” जीपवाला विचारी, “ते कुठं आलं?” आणि त्याला बिचाऱ्याला सांगावं लागे, “अरे, युसूफ मोडाच्या अलीकडं.” नाव काही चिकटलं नाही. गाव त्या कोपऱ्याला मोरीच म्हणत राहिलं, अजून म्हणतं. माझी सख्खी माय मोरी म्हणत गेली.

मी आता नांदेडला असतो, शेतीच्या पंपांचं दुकान आहे, पोरं शिकून नोकरीला लागली. दसऱ्याला गावी जातो. कोपऱ्यांवर सिमेंट झालं, पोरं गिअरच्या सायकली पळवतात आणि कुणी पडत नाही. युसूफचं कटलरीचं दुकान चांगलं चालतं. गावात अजून त्याला माझ्यापेक्षा जास्त लोक ओळखतात आणि अजून माझ्या पोटात दुखतं. गेल्या दसऱ्याला गावाजवळ आलो तेव्हा त्याचा फोन आला. “कुठवर आलास? मी व्यंकट मोडाला थांबलोय, आपट्याची पानं घेऊन.”

अख्ख्या जगात हे नाव घेणारा तो एकटा माणूस. त्यानं मला हरवलं, माझी माय वाटून घेतली, त्याचं मला इतकं काही वाटत नाही आता. त्याच्या जागी मी असतो तर मोरीवर बसून काय म्हणालो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यावरून मी त्याच्यावर अजून जळतो.